पाटीवर ४०, नकाशात किती? ओपनस्ट्रीटमॅपमध्ये वेगमर्यादा नोंदवताना

मागच्या दिवाळीत मेहुण्याच्या गाडीतून गावाकडे निघालो होतो. डॅशबोर्डवर माझा फोन, त्यात रस्ता सांगणारं अ‍ॅप. महामार्ग सोडून फाट्यावर आत वळलो आणि फोन बोंबलायला लागला. वेग जास्त आहे, वेग जास्त आहे. रस्ता मोकळा, काटा जेमतेम पन्नासवर, तरी फोन गप्प बसेना. साडेसहा किलोमीटर हे चालू. शेवटी मेहुणा म्हणाला, "दाजी, तुमच्या फोनला सांगा, ही बैलगाडी न्हाई."

मी गप्प बसलो, कारण दोष फोनचा नव्हता. महिनाभरापूर्वी मीच त्या रस्त्याची वेगमर्यादा ओपनस्ट्रीटमॅपमध्ये, म्हणजे हे अ‍ॅप ज्या नकाशावर चालतं त्यात, भरली होती. गावातल्या शाळेसमोर २० ची पाटी पाहिली, घरी येऊन नकाशातल्या रस्त्याच्या रेघेवर क्लिक केलं, वेगमर्यादेच्या रकान्यात २० टाकलं, सेव्ह केलं. ती रेघ मात्र शाळेपाशी संपत नव्हती. गावठाणापासून थेट फाट्यापर्यंत ती अखंड एकच होती, त्यामुळे शाळेपुढच्या तीनशे मीटरची मर्यादा सगळ्या रस्त्याला लागली.

आकडा टाकायला पाच सेकंद लागतात. तो कुठून कुठपर्यंत, कुठल्या दिशेला आणि कुठल्या वाहनाला लागू आहे हे नीट सांगणं, हे खरं काम. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी माझ्यासारखी शिव्या खाऊन शिकायची गरज नाही, म्हणून हे लिहितोय.

आकडा जातो कुठे

ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेला, कुणालाही भरता येणारा आणि कुणालाही वापरता येणारा नकाशा. खातं उघडायला फक्त ईमेल लागतो. ओस्मअँड, ऑरगॅनिक मॅप्स अशी अ‍ॅप्स याच नकाशावर चालतात. आपण भरलेली वेगमर्यादा तिथे दोन ठिकाणी वापरली जाते. एक, पडद्यावर दिसणारा आकडा आणि वेग वाढला की वाजणारी सूचना. दोन, "पोहोचायला किती वेळ" हे गणित आणि त्यावरून होणारी रस्त्याची निवड. हे दुसरं नव्या माणसाच्या लक्षात येत नाही.

रस्त्याला मर्यादा नोंदवलेली नसेल तर रस्ता शोधणारी प्रणाली त्याच्या दर्जावरून अंदाज बांधते: महामार्ग असेल तर इतका, गल्ली असेल तर इतका. हा अंदाज बहुतेक वेळा चालून जातो. पण तुम्ही एखाद्या गावरस्त्याला "लोक साठने जातातच की" म्हणून ६० टाकलेत, तर प्रणालीला तो रस्ता अचानक आवडायला लागतो. मग मुक्कामाच्या एसट्या सोडून कुणी फिरकत नाही अशा रस्त्यावर परगावच्या गाड्या येऊन अडकतात. म्हणून रिकामा रकाना परवडला, चुकीचा आकडा नको.

काय मोजायचं, काय सोडायचं

नोंदवायची ती पाटीवरची मर्यादा. कायद्याच्या तक्त्यातली नाही आणि मनातली तर नाहीच.

तक्त्याचा मोह होतो, मलाही झाला होता. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११२ खाली केंद्र सरकारला कमाल वेग ठरवता येतो. एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेत मोटारींना प्रवेश-नियंत्रित द्रुतगती मार्गावर १२०, चौपदरी दुभाजक असलेल्या रस्त्यावर १००, शहरात आणि इतरत्र ७० असे आकडे होते. मग बसायचं आणि राज्यातले सगळे चौपदरी रस्ते १०० करून टाकायचे, असं वाटतं. पण हे आकडे म्हणजे वरची हद्द. त्याखाली स्थानिक यंत्रणा प्रत्यक्ष रस्त्यावर कमी मर्यादा लावते. शिवाय हीच अधिसूचना २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने रद्द ठरवली. तक्ता पाहून शेकडो रेघा भरणाऱ्याने अशा वेळी काय करायचं? पाटी पाहून भरलेल्याला हा प्रश्न पडत नाही.

पाटी म्हणजे लाल कडेची गोल पांढरी पाटी, आत काळा आकडा. आकडा देवनागरीत असला तरी ती पाटीच. "वाहने सावकाश हाकावीत", "अपघात प्रवण क्षेत्र", "पुढे शाळा आहे", त्रिकोणातली धावणारी मुलं, या सगळ्या सूचना आहेत, मर्यादा नाहीत. यांतून आकडा काढू नका. गावकऱ्यांनी ड्रमवर चुन्याने लिहिलेलं "वेग २०" मी सोडून देतो. काही जण घेतात. माझ्या मते ती विनंती आहे, आणि विनंतीचा दंड होत नाही. रस्त्याचं काम चालू असताना पिंपांच्या रांगेत लावलेली तात्पुरती पाटीही सोडा. काम संपेल, पाटी जाईल, तुमचा आकडा मात्र पुढची पाच वर्षं फोन वाजवत राहील.

आणखी एक सोडायची गोष्ट म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या नकाशात दिसणारा आकडा. तो उतरवून घेणं परवान्यात बसत नाही, मग तो बरोबर का असेना. आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं, आपण काढलेला फोटो, किंवा मॅपिलरीसारख्या ठिकाणी लोकांनी चढवलेले रस्त्याचे फोटो, एवढंच चालतं.

रस्त्यावर

गाडी चालवताना फोन हातात घ्यायचा नाही. वेगमर्यादा नोंदवायच्या नादात अपघात झाला तर लोक हसतील. शेजारी कुणी बसलेलं असेल तर त्याला फोटो काढायला सांगा. दुचाकी असेल तर पाटीपाशी थांबा. फोनच्या कॅमेऱ्यात स्थान नोंदवण्याची सोय आधी चालू करून ठेवा.

चालत्या गाडीतून काढलेल्या फोटोच्या जागेवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. ताशी ६० ने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे सरकते, त्यामुळे फोटोतली जागा पाटीच्या वीस-तीस मीटर पुढेमागे असणं नेहमीचंच. म्हणून फोटोसोबत जवळची एखादी खूण बोलून ठेवा. "ओढ्यावरच्या पुलाच्या अलीकडे", "पेट्रोल पंपासमोर", किंवा किलोमीटरचा दगड. दगडाची टोपी कुठल्या रंगाची तेही बघा. पिवळी असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवी असेल तर राज्य महामार्ग. नकाशात रस्ता चुकीच्या दर्जाचा असेल तर तेही त्याच फेरीत कळतं.

प्रत्येक पाटीमागे तीन गोष्टी टिपा: आकडा, तुम्ही कुठून कुठे चालला होता, आणि पाटीवर वाहनाचं चित्र आहे का. आणि परतीची फेरी त्याच रस्त्याने करा. का, ते पुढे येतंच.

स्ट्रीटकम्प्लीट नावाचं अँड्रॉइड अ‍ॅप आहे, ते रस्त्यात उभं राहून एकेक प्रश्नाचं उत्तर भरू देतं. नकाशाची ओळख व्हायला छान आहे. पण वेगमर्यादेसाठी मी घरी बसून संगणकावर काम करणं पसंत करतो, कारण रेघ कुठे तोडायची हे मोठ्या पडद्यावर नीट दिसतं.

घरी: आधी तोडा, मग भरा

ओपनस्ट्रीटमॅपच्या संकेतस्थळावर लॉगिन करून "एडिट" दाबलं की आयडी नावाचा संपादक उघडतो. मागे उपग्रहाचं चित्र, वर रस्त्यांच्या रेघा. आता आमच्या गावचा तोच रस्ता घेऊ, जो मी बिघडवला आणि मग दुरुस्त केला.

रस्त्याच्या रेघेवर एकदा क्लिक केलं की ती किती लांब आहे ते उजळून दिसतं. हे आधी बघा. आमची साडेसहा किलोमीटर उजळली, तेव्हा कुठे मला माझा पराक्रम कळला.

आता पाटीची जागा शोधा. फाट्याकडून गावात येताना २० ची पाटी दूध डेअरीच्या भिंतीपाशी आहे. उपग्रहचित्रात डेअरीचं निळं पत्र्याचं छप्पर दिसतं. त्याच्या समोर रेघेवर डबल क्लिक केलं की तिथे एक बिंदू तयार होतो. तो बिंदू निवडलेला असताना इंग्रजी एक्स हे अक्षर दाबा किंवा उजव्या क्लिकच्या यादीतली कात्री निवडा. रेघ तिथे दोन तुकड्यांत तुटते. घाबरू नका, रस्ता तुटत नाही. दोन्ही तुकड्यांना नाव, दर्जा, डांबरी की खडीचा ही सगळी माहिती तशीच राहते आणि जोडही कायम असतो.

मर्यादा सुरू कुठे होते ते कळलं, संपते कुठे? आपल्याकडे अडचण इथे आहे. "मर्यादा समाप्त" ची पाटी, म्हणजे पांढऱ्या गोलावर तिरपा काळा पट्टा, नियमात आहे पण रस्त्यावर ती क्वचितच भेटते. अशा वेळी परतीच्या फेरीचा उपयोग होतो. उलट दिशेने येणाऱ्यासाठी लावलेली २० ची पाटी सहसा त्याच पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला असते. आमच्याकडे गावातून फाट्याकडे जाताना ती पाटी मारुतीच्या देवळाच्या वळणावर आहे. म्हणजे डेअरी ते देऊळ हा पट्टा. देवळापाशी दुसरा बिंदू, पुन्हा एक्स. आता मधला छोटा तुकडा निवडायचा, डावीकडच्या यादीत वेगमर्यादेचा रकाना शोधायचा आणि तिथे २० टाकायचं. बाकीचे दोन तुकडे रिकामे. माझा आधीचा २० मी तिथून पुसून टाकला.

उलट दिशेला पाटीच नसेल तर मर्यादा कुठपर्यंत धरायची? पुढची वेगळ्या आकड्याची पाटी येईपर्यंत, आणि तीही नसेल तर ज्या कारणासाठी पाटी लावली ते कारण संपेपर्यंत, म्हणजे शाळेचं आवार किंवा गावाची वस्ती. हा माझा रिवाज आहे. कुणी वेगळं करत असेल तर भांडू नका, बदलाच्या टिपणीत तुम्ही काय गृहीत धरलं ते लिहा.

रकान्यामागे खरं तर एक चावी-किंमत जोडी असते: चावी म्हणजे माहितीचं नाव, किंमत म्हणजे तिथे भरलेली माहिती. चावीचं नाव मॅक्सस्पीड, इंग्रजीत एकच सलग शब्द, सगळी लहान अक्षरं. यादीच्या तळाशी "टॅग्ज" उघडलंत की ती दिसेल. तिथेच आणखी एक ओळ भरायची चांगली सवय लावा: सोर्स, कोलन, मॅक्सस्पीड आणि किंमत म्हणून साइन. म्हणजे हा आकडा पाटी पाहून टाकलाय. पुढे कुणी तक्ता घेऊन घाऊक बदल करायला बसला तर निदान या तुकड्याला हात लावताना थबकेल.

दिशा आणि वाहनं

दुभाजक असलेल्या रस्त्याला नकाशात दोन रेघा असतात, एक जाणारी, एक येणारी. प्रत्येक रेघेची मर्यादा वेगळी भरायची. पुण्याकडे जाणाऱ्या बाजूची पाटी पाहून मुंबईकडच्या बाजूला आकडा टाकू नका. उतारावर अनेकदा मर्यादा कमी असते, चढावर नसते.

एकाच रेघेच्या रस्त्यावर दोन दिशांना वेगळ्या पाट्या असल्या तर मॅक्सस्पीड, कोलन, फॉरवर्ड आणि मॅक्सस्पीड, कोलन, बॅकवर्ड अशा दोन ओळी भराव्या लागतात. फॉरवर्ड म्हणजे रेघ ज्या दिशेने काढली आहे ती दिशा. निवडलेल्या रेघेवरचे छोटे बाण ती दाखवतात. सोयीसाठी रेघ उलटी करायच्या फंदात पडू नका, ओळींतली नावं बदला.

वाहनांचा प्रश्न द्रुतगती मार्गावर येतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना सपाटीवर १०० आणि घाटात ६०, ट्रकना त्याहून कमी. समृद्धी महामार्गावर मोटारींना १२०, मालवाहू गाड्यांना ८०. पाटीवर मोटार, बस, ट्रक यांची चित्रं आणि शेजारी आकडे असतात. अशा वेळी साध्या मॅक्सस्पीडमध्ये मोटारीचा आकडा, आणि मॅक्सस्पीड, कोलन, एचजीव्ही या ओळीत ट्रकचा. बससाठी कोलननंतर बस. दोन्ही मार्गांवर दुचाकीला बंदीच आहे, तेव्हा दुचाकीची मर्यादा शोधत बसू नका.

घाटात मर्यादा कुठून सुरू होते हे फोटोशिवाय लिहू नका. "खंडाळ्याच्या आसपास" हे उत्तर रेघ तोडायला चालत नाही.

ज्या चुका मी केल्या आणि बघितल्या

सगळ्यात मराठी चूक आधी. फोनवर किंवा संगणकावर मराठी कीबोर्ड चालू असतो आणि आपण सहज ४० लिहून टाकतो. आपल्याला ते बरोबर दिसतं. यंत्राला मात्र तो आकडाच वाटत नाही. रकान्यात इंग्रजी अंकच हवेत. मी पहिल्या आठवड्यात नऊ रस्त्यांना देवनागरी अंक चिकटवले होते, आणि अ‍ॅपमध्ये काहीच का दिसत नाही म्हणून चार दिवस अ‍ॅपलाच दोष देत होतो.

आकड्यापुढे "किमी" लिहायचं नाही. एकक लिहिलं नाही की ताशी किलोमीटर असंच धरलं जातं. हाच नियम परदेशातल्या मराठी मंडळींना उलटा पडतो. ब्रिटन-अमेरिकेतल्या पाट्या मैलांत असतात. वेल्समध्ये १७ सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांना ताशी २० मैल ही मर्यादा लागू झाली. तिथे नुसतं २० टाकलं तर नकाशा त्याला २० किलोमीटर समजेल. आकडा, मग एक जागा, मग एमपीएच ही तीन इंग्रजी अक्षरं, असं पूर्ण लिहा.

पाटी नाही म्हणून "नन", म्हणजे इंग्रजीत "काहीच नाही", असं टाकणं, हीसुद्धा नेहमीची चूक. ती किंमत जर्मनीतल्या ऑटोबानच्या मुक्त पट्ट्यांसारख्या, खरोखरच मर्यादा नसलेल्या रस्त्यांसाठी आहे. आपल्याकडे पाटी नसणं म्हणजे मर्यादा नसणं नव्हे. रकाना रिकामा ठेवा.

गतिरोधक हा वेगळा विषय. तो रेघेवर बिंदू म्हणून भरायचा, मर्यादा म्हणून नाही. पण भरा जरूर. आमच्या तालुक्यात पाट्यांपेक्षा गतिरोधकांचं जास्त ऐकतात.

सेव्ह केल्यावर

सेव्ह करताना टिपणी मागतात. "अपडेट" असं लिहून मोकळे होऊ नका. "फाटा ते गावठाण, दूध डेअरी ते मारुती मंदिर, पाटी पाहून वेगमर्यादा २०, आधीची माझी चूक दुरुस्त" असं लिहा. मराठीत चालतं. एका वेळी एक रस्ता किंवा एक परिसर सेव्ह करा. नागपूरची एक रेघ आणि सिंधुदुर्गातली दुसरी एकाच बदलात गेली की तपासणाऱ्याला अर्ध्या राज्यावर पसरलेला चौकोन दिसतो.

मग नव्या माणसाचा ठरलेला प्रश्न येतो: मी टाकलेलं दिसत का नाही? संकेतस्थळावरच्या नेहमीच्या नकाशात वेगमर्यादा दाखवतच नाहीत. रेघेवर क्लिक करून माहिती उघडली तरच ती दिसेल. अ‍ॅपमध्ये ती येते नकाशाची नवी प्रत उतरवल्यावर, आणि त्या प्रती काही आठवड्यांनी निघतात. तेवढा धीर धरा.

थोडा हात बसला की ओव्हरपास टर्बो, म्हणजे या नकाशातली हवी ती माहिती शोधून दाखवणारं संकेतस्थळ, उघडा. तुमच्या तालुक्यावर नकाशा आणून मॅक्सस्पीड असलेले रस्ते मागितले की फक्त तेवढेच रंगून येतात. पहिल्यांदा करून पाहाल तर बहुधा पडदा जवळजवळ कोराच दिसेल. त्यात एखादा गावरस्ता ८० चा दिसला तर लगेच पुसू नका. आधी कुणी, कधी, कशावरून टाकलं ते इतिहासात पाहा आणि त्या बदलाखाली विचारा. माझ्या २० बद्दल एका अनोळखी माणसाने असंच विचारलं होतं. "साडेसहा किमी शाळा आहे का?" मी तो संदेश दिवाळीनंतर वाचला.

मर्यादा बदलतातही. पुण्यात नवले पुलाच्या उतारावर अपघातांमुळे ती टप्प्याटप्प्याने खाली आणली गेली. म्हणून पुन्हा पाहणी केलीत आणि पाटी तशीच असली तरी तारीख नोंदवा. चेक-डेट, कोलन, मॅक्सस्पीड अशी त्यासाठी चावी आहे, चेक आणि डेटच्या मध्ये अधोरेषा.

पाटी दिसलीच नाही तर? आमच्याकडची देवळाजवळची पाटी सध्या एका भाऊंच्या वाढदिवसाच्या फ्लेक्समागे आहे. वरची लाल कड तेवढी दिसते, आकडा भाऊंच्या खांद्यामागे. आकडा आठवतोय म्हणून तारीख नोंदवायचा मोह होतो, पण मी नोंदवलेली नाही. संकेतस्थळावर नकाशाच्या त्या जागी एक टीप टाकून ठेवली आहे: "पाटी झाकलेली, फ्लेक्स उतरल्यावर पाहणे." वाढदिवस होऊन तीन आठवडे झाले.